भांडी नंतर काढा, आधी रक्त तपासा

आमच्या घरात सध्या भांड्यांचं राजकारण चालू आहे. थोरल्या आत्तीला विसरायला होतंय, हे गेल्या दिवाळीत एकदाचं सगळ्यांनी मान्य केलं, आणि मान्य केल्याबरोबर कारणाचा शोध सुरू झाला. कारण व्हॉट्सअॅपवर तयारच होतं. अॅल्युमिनियम! आठ दिवसांत आत्तीच्या मंगळवार पेठेतल्या घरातली दोन पातेली, एक कढई आणि लग्नाच्या रुखवतात आलेला कुकर भंगारवाल्याकडे गेला. त्यांच्या जागी तांब्याचा हंडा आणि पितळेची पातेली आली. दादा (म्हणजे माझा आतेभाऊ) म्हणाला, "आपल्या आजीच्या काळात तांब्या-पितळेची भांडी होती, तेव्हा कुणाला विसरायला होत होतं काय?"

आजीच्या काळात किती माणसं ७८ वर्षांपर्यंत जगत होती, हे मी विचारलं नाही. भावाशी वाद घालून कुणाचं भलं झालंय! पण आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं आहे, त्यामुळे घरातले सगळे आता मला फोन करून विचारतात, की "खरं काय ते सांग." प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा इथे एकदाच लिहिते. नातेवाईक मंडळींनी शेवटपर्यंत वाचावं, मधेच सोडून मला फोन करू नये :)

अॅल्युमिनियमची भीती हवेतून आलेली नाही, हे आधी मान्य करायला हवं. १९६५ मध्ये सशांच्या मेंदूत अॅल्युमिनियमचे क्षार टोचल्यावर मज्जापेशींत तंतूंचे गुंते झाले. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूतही गुंते दिसतात, त्यामुळे शास्त्रज्ञांचे कान टवकारले. १९७३ मध्ये कॅनडातल्या संशोधकांना अल्झायमरच्या मेंदूंत काही ठिकाणी जास्त अॅल्युमिनियम सापडलं. त्यानंतर डायलिसिसचं प्रकरण आलं, आणि ते तर फारच गंभीर होतं. मूत्रपिंडं निकामी झालेल्या लोकांना डायलिसिसवर काही वर्षं झाली की त्यांचं बोलणं अडखळायचं, झटके यायचे, बुद्धी जायची. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या डॉ. आल्फ्री यांनी दाखवून दिलं, की या रुग्णांच्या मेंदूत अॅल्युमिनियम साठलं होतं. ते आलं होतं डायलिसिसच्या पाण्यातून आणि रुग्णांना दिल्या जाणाऱ्या अॅल्युमिनियमच्या औषधांतून. पाणी शुद्ध करून वापरायला लागल्यावर तो आजार जवळजवळ नाहीसा झाला.

म्हणजे अॅल्युमिनियम मेंदूला विष आहे, यात शंका नाही. प्रश्न आहे तो पातेल्यातून मेंदूपर्यंत किती पोचतं याचा.

इथे आपल्या जिल्ह्याची आठवण काढावीच लागते. राधानगरी, शाहूवाडी या बाजूला कधी गेला असाल, तर सड्यावरचा तांबडा-तपकिरी जांभा तुम्ही पाहिला असेल. त्याच्याच सोबतीनं बॉक्साइट असतं, आणि बॉक्साइट म्हणजे अॅल्युमिनियमची खाण. दुर्गमानवाडीच्या खाणीतून वर्षानुवर्षं बॉक्साइटचे ट्रक बेळगावच्या अॅल्युमिना कारखान्याकडे गेले. पृथ्वीच्या कवचात वजनानं साधारण ८ टक्के अॅल्युमिनियम आहे. ते मातीत आहे, भाजीत आहे, चहाच्या पानात तर भरपूर आहे, आणि नळाचं पाणी नितळ करायला जी तुरटी वापरतात तीही अॅल्युमिनियमचीच. आपण ते रोज खातो-पितो आणि शरीर ते जवळजवळ सगळंच्या सगळं बाहेर टाकतं. पोटात गेलेल्या अॅल्युमिनियमपैकी रक्तात उतरतं ते साधारण हजारात एक ते तीन भाग. तेही निरोगी मूत्रपिंडं गाळून टाकतात. डायलिसिसच्या रुग्णांचं नुकसान का झालं ते आता लक्षात येईल. त्यांच्या बाबतीत आतड्याची राखण नव्हती, पाण्यातलं अॅल्युमिनियम थेट रक्तात येत होतं, आणि गाळणारी मूत्रपिंडं बंद होती.

संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनं २०११ मध्ये आठवड्याला वजनाच्या दर किलोमागे २ मिलिग्रॅम इतकं अॅल्युमिनियम चालेल असं ठरवलं. साठ किलोच्या माणसाला ते १२० मिलिग्रॅम होतं. चिंच-टोमॅटोची आमटी अॅल्युमिनियमच्या पातेल्यात रटारटा शिजवली, वर रात्रभर त्यातच ठेवली, तर काही मिलिग्रॅम उतरतील. ते टाळलेलं बरं, त्याला माझा विरोध नाही. पण आमचा दादा रात्री मटण झाल्यावर छातीत जळजळतंय म्हणून जे पांढरं औषध दोन चमचे पितो ना, अशा बऱ्याच औषधांत अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड असतं, आणि एका चमच्यात शंभर मिलिग्रॅमच्या आसपास अॅल्युमिनियम असू शकतं. पातेलं भंगारात गेलं, बाटली मात्र फडताळात आहे!

आणि त्या जुन्या शोधांचं पुढे काय झालं? १९९२ मध्ये ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी कोणताही रंग किंवा रसायन न लावता अल्झायमरच्या मेंदूतल्या गाठी तपासल्या, तेव्हा गाठींच्या गाभ्यात अॅल्युमिनियम सापडलंच नाही. आधी सापडलेलं बरंचसं तपासणीच्या रसायनांतूनच आलं असावं, असा त्याचा अर्थ निघाला. डायलिसिसच्या रुग्णांच्या मेंदूचं चित्रही अल्झायमरपेक्षा वेगळं होतं. संशोधन अजून पूर्ण थांबलेलं नाही, पण पातेल्यामुळे स्मृतिभ्रंश होतो हे कुणी दाखवू शकलेलं नाही. 'इंग्रजांनी कैद्यांना मारायला अॅल्युमिनियमची भांडी आणली' हा जो मेसेज फिरतो, त्याबद्दल एवढंच, की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी ही भांडी बनवायला सुरुवात केली, ती स्वस्त, हलकी आणि कल्हई न लागणारी म्हणून. ज्यांना पितळ परवडत नव्हतं त्यांची चूल त्यावर चालली.

आता दादाच्या पितळेकडे येऊ. भांडं खरोखर जिवावर उठू शकतं का? उठू शकतं, आणि ते आपल्या पुण्यातच सिद्ध झालेलं आहे. नव्या पिढीला हे ठाऊक नसतं म्हणून जरा सविस्तर लिहिते. पूर्वी आपल्याकडे सहा महिन्यांपासून पुढच्या लहान मुलांना यकृताचा एक आजार व्हायचा. पोट फुगायचं, यकृत दगडासारखं टणक व्हायचं, आणि बहुतेक मुलं दगावायची. एकाच घरातली दोन-दोन मुलं जायची. लोक म्हणायचे, घराण्याला शाप आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डॉ. टॅनर यांच्याबरोबर या मुलांचा अभ्यास केला. त्यांच्या यकृतात प्रचंड तांबं होतं. मग त्यांनी साधा प्रश्न विचारला, मुलाचं दूध कशात तापवता? आजारी मुलांच्या घरी अंगावरचं दूध लवकर सोडवून वरचं दूध सुरू झालेलं असायचं, आणि ते कल्हई नसलेल्या पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेलं, ठेवलेलं असायचं. १९८३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे प्रसिद्ध झालं. पुढे आजारी मुलांची आणि त्याच वयाच्या निरोगी मुलांची जोडीजोडीनं तुलना केली, तेव्हाही तेच दिसलं. घरोघरची भांडी बदलली, स्टील आलं, आणि तो आजार जवळजवळ दिसेनासा झाला. ऑस्ट्रियातल्या टिरोल भागातही तांब्याच्या भांड्यात तापवलेल्या दुधामुळे मुलांना अगदी असाच आजार होत होता, हे १९९६ मध्ये उजेडात आलं.

पुरावा म्हणतात तो हा. कोणता धातू, कोणत्या अवयवात, किती, कशातून आला, आणि भांडं बदलल्यावर आजार गेला का? तांब्याबाबत या सगळ्याची उत्तरं मिळाली. अॅल्युमिनियमच्या पातेल्याबाबत मिळालेली नाहीत. आणि आम्ही काय केलं, तर ज्या भांड्याविरुद्ध पुरावा नाही ते काढलं आणि ज्याच्याविरुद्ध होता ते आणलं. (मोठ्या माणसाला हंड्यातल्या पाण्यानं काही होत नाही, घाबरू नका. पण पितळेत ताक, सोलकढी, चिंचेचं सार ठेवू नका आणि कल्हई करून घ्या. कल्हईवाला मिळाला तर!)

एक गोष्ट दादाच्या बाजूची. भंगार वितळवून ओतलेल्या स्वस्त भांड्यांतून शिसं उतरू शकतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं बाहेरून आलेल्या काही अॅल्युमिनियम, पितळ आणि हिंडालियमच्या भांड्यांबद्दल याच कारणासाठी इशारा दिला. शिसं मात्र थोडंही वाईट, लहान मुलांना तर फारच. तेव्हा भांडं टाकायचंच असेल तर शिशाच्या भीतीनं टाका. आणि त्या यादीत पितळही आहे, हे विसरू नका.

असो. भांडी खूप झाली. माझा खरा मुद्दा वेगळाच आहे.

सूक्ष्म मूलद्रव्यं आणि स्मृती म्हटलं की आपल्याला फक्त जास्त झालेला धातू आठवतो. कमी पडलेला आठवत नाही. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांत जो कमी पडतो तो आहे कोबाल्ट. कोबाल्ट नुसता खाऊन उपयोग नाही, तो लागतो बी-१२ जीवनसत्त्वाच्या पोटात बसलेला. बी-१२ च्या रेणूच्या मध्यभागी कोबाल्टचा एकच अणू असतो. डोरोथी हॉजकिन यांनी १९५६ च्या सुमारास त्या रेणूची रचना उलगडली आणि १९६४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. वर्गात हे शिकवताना मी एक हिशेब सांगायचे. माणसाला दिवसाला साधारण सव्वादोन ते अडीच मायक्रोग्रॅम बी-१२ लागतं, त्यातला कोबाल्ट ०.१ मायक्रोग्रॅमच्या आसपास. सत्तर वर्षांचा सगळा कोबाल्ट एकत्र केला तर अडीच-पावणेतीन मिलिग्रॅम होतो. एका मोहरीच्या दाण्याचं वजन! तेवढा मिळाला नाही, तर नसांवरचं आवरण झिजतं, पायाला मुंग्या येतात, तोल जातो, आणि माणूस विसरायला लागतो.

वनस्पतींत बी-१२ नसतं. मटण, मासे, अंडी, दूध यांतूनच मिळतं. पुण्याच्या केईएमचेच डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे परिसरातले ४४१ पुरुष तपासले होते. खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले. त्यांतल्या ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी निघालं. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांचं! ही म्हातारी माणसंही नव्हती.

आता कोल्हापूरकर म्हणणार, ते पुण्याचं झालं. आम्ही तांबडा-पांढरा ओरपणारी माणसं, गंगावेशीच्या कट्ट्यावर उभं राहून म्हशीचं धारोष्ण दूध पिणारी. आमच्यात कुठलं बी-१२ कमी! मंडळी, जरा आपापल्या घरातल्या म्हातारीचं ताट आठवा. आत्तीचंच सांगते. मामा गेल्यावर तिनं पंढरपूरला जाऊन माळ घातली. मटण सुटलं, अंडं सुटलं. दूध म्हणजे चहात पडेल तेवढं. पंधरा वर्षं मधुमेह, त्यासाठी मेटफॉर्मिन. त्या गोळ्यांनी पित्त होतं म्हणून रोज सकाळी पित्ताची गोळी. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं तर बी-१२ शोषलं जाणं कमी होतं. २०२२ मध्ये ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेनं डॉक्टरांना हे मुद्दाम कळवलं. पित्ताच्या गोळीनं जठरातलं आम्ल कमी होतं, आणि अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला तेच आम्ल लागतं. वयानं ते आधीच कमी झालेलं असतं. म्हणजे येण्याची वाट बंद, आणि आलं तर आत घेणाराही नाही.

आत्तीच्या पायाला दोन-तीन वर्षं मुंग्या येत होत्या. "साखरेमुळं" म्हणून सोडून दिलं. जीभ लाल झाली, तिखट लागेना, ती "उष्णता". बोटांची पेरं काळपट झाली, त्याकडे कुणी बघितलंच नाही. बी-१२ कमी असलं की आपल्याकडच्या लोकांत पेरं काळी पडतात. आणि विसरणं म्हणजे तर "वय झालं की". जेवलीस का विचारलं तर "जेवलो की मघाशी" म्हणायची आणि डबा तसाच असायचा. एका डॉक्टरांनी हिमोग्लोबिन ठीक आहे म्हटल्यावर सगळे निर्धास्त झाले. पण हिमोग्लोबिन ठीक असूनही बी-१२ कमी असू शकतं. नुसत्या फॉलिक अॅसिडच्या गोळ्या चालू असतील तर रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं.

शेवटी डिसेंबरात रक्त दिलं. बी-१२ आलं ११८. दोनशेच्या खाली म्हणजे कमतरता धरतात.

इंजेक्शनं सुरू झाली. तीन महिन्यांत मुंग्या कमी झाल्या. आता ती कुणाचा हात न धरता अंबाबाईच्या देवळात जाऊन येते. आत्ती पूर्वीसारखी झाली, असं मात्र मी लिहिणार नाही. कारण ते खरं नाही. नातवंडांची नावं परत आली आहेत, पण मामा गेलेले आहेत हे अजूनही कधीकधी तिला सांगावं लागतं, आणि दर वेळी ती पहिल्यांदा ऐकल्यासारखी गप्प होते. एमआरआयमध्ये मेंदू आकसलेला दिसला आहे. किती बी-१२ मुळे आणि किती दुसऱ्या कशानं, हे कुणी सांगू शकत नाही. स्मृतिभ्रंशाच्या बहुतेक रुग्णांत बी-१२ हे मूळ कारण नसतंच, आणि फार उशिरा दिलं तर गेलेलं परत येत नाही. ऑक्सफर्डच्या २०१० च्या एका चाचणीत विसराळूपणा सुरू झालेल्या सत्तरीपुढच्या लोकांना बी-जीवनसत्त्वं दोन वर्षं दिली, तर मेंदू आकसण्याचा वेग सरासरी ३० टक्क्यांनी कमी झाला. कमी झाला, थांबला नाही.

माझी तक्रार एवढीच आहे, की दोन-तीन वर्षं आत्तीच्या अंगावर सगळी लक्षणं लिहिलेली होती, आणि घरातल्या आठ मोठ्या माणसांची शक्ती शेवटी लागली कशाला, तर कढई भंगारात घालायला. भांडं टाकलं की काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. रक्त तपासायचं म्हणजे आधी "हिला काहीतरी झालंय" हे मान्य करायचं, आणि तिथेच आपलं घोडं अडतं.

म्हणून नातेवाईकांना सांगणं. साठीपुढचं कुणी विसरायला लागलं, चालताना लटपटायला लागलं, तर बी-१२ आणि थायरॉइडची तपासणी डॉक्टरांकडून लिहून घ्या. (थायरॉइड म्हणजे पुन्हा एक सूक्ष्म मूलद्रव्य, आयोडीन. त्या ग्रंथीचं काम मंदावलं तरी माणूस सुस्त आणि विसराळू होतो, आणि त्यावर गोळी आहे.) तपासणीच्या आधी आपल्या मनानं शक्तीच्या कॅप्सूल सुरू करू नका, आकडा फसवा येतो. मेटफॉर्मिन किंवा पित्ताची गोळी मनानं बंदही करू नका, फक्त डॉक्टरांना विचारा. माळ काढायची गरज नाही. पुण्यातच तरुण शाकाहारी मुलांना रोज दूध देऊन बी-१२ वाढतं का हे पाहिलं गेलं, आणि वाढलं. म्हातारपणी शोषण बिघडलेलं असेल तर गोळी, नाहीतर इंजेक्शन.

आता नवीन खूळ लिथियमचं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये हार्वर्डच्या शास्त्रज्ञांचा मोठा लेख 'नेचर'मध्ये आला. त्यांनी मेंदूतले सत्तावीस धातू मोजले, आणि स्मृती घसरायला लागलेल्या लोकांत ठळकपणे कमी सापडला तो एकटा लिथियम. तिथल्या गाठीच तो धरून ठेवतात असं दिसलं. उंदरांना लिथियम ऑरोटेट अगदी थोड्या प्रमाणात दिल्यावर त्यांची स्मृती सुधारली. वाचून मलाही फार आनंद झाला, कारण सूक्ष्म मूलद्रव्यांकडे कुणी इतक्या बारकाईनं बघितलं की आमच्यासारख्यांना बरं वाटतं. पण अजून ते उंदीरच आहेत. लिथियम जास्त झाला तर मूत्रपिंड आणि थायरॉइड दोन्ही बिघडतात, आणि आत्तीचं क्रिएटिनिन आधीच काठावर आहे. अमेरिकेतल्या भाच्यानं त्या गोळ्यांच्या तीन बाटल्या मागवूनही ठेवल्या होत्या. त्याला म्हटलं, तिकडेच ठेव.

त्याऐवजी त्याला दुसरं काम दिलं आहे. २०२४ च्या लॅन्सेट आयोगानं स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणं दिली आहेत. त्यांत एकही भांडं नाही, पण कमी ऐकू येणं आहे. आत्तीला डाव्या कानानं जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि आम्ही सगळे उजवीकडे बसून ओरडतो. शाहूपुरीत श्रवणयंत्राच्या दुकानात विचारून आले, भाच्याला आकडा कळवला. पैसे पाठवतो म्हणाला. येत्या सोमवारी आत्तीला मापाला न्यायचं आहे. दादा गाडी काढणार आहे.